नाव विचारणारी खिडकी

माझ्या वडिलांचा आवाज अरादच्या घरात, जेवणाच्या टेबलाशेजारी ठेवलेल्या एका करड्या कॉम्प्युटरात होता. खरा आवाज २००१ साली घशाच्या ऑपरेशनमध्ये गेला. डॉक्टरांनी गाठ काढली, तिच्याबरोबर स्वरयंत्रही काढलं. माणूस वाचला, हेच खूप, असं सगळे म्हणाले. लिहून बोलता आलं असतं, पण हाताला आधीपासूनच कंप होता. त्यांनी लिहिलेली चिठ्ठी पाच मिनिटांनी त्यांनाच लागत नसे.

मी अरादपासून दोन तासांवरच्या पेताह तिक्वाच्या एका कंपनीत दिवसभर लोकांचे कॉम्प्युटर सरळ करतो. तेव्हा हे काम माझंच होतं. जुने भाग गोळा करून मी बाबांना एक मशीन बांधून दिलं, त्यात लिनक्स घातलं, कळांवर मराठी अक्षरांचे तुकडे चिकटवले. थरथरत्या बोटानं एकच कळ चारदा दाबली गेली तरी मशीननं ती एकदाच धरायची, अशी एक सोय असते. ती चालू केली. बाबा एका बोटानं टाइप करायचे आणि पडद्यावर लाडवाएवढी अक्षरं उमटायची. आई समोर बसून ती मोठ्यानं वाचायची आणि तिथल्या तिथे भांडायची. घरात पुन्हा दोन माणसांचं बोलणं सुरू झालं. मला तेव्हा स्वतःचा फार अभिमान वाटला होता. आता त्याची लाज वाटते.

शबातची मात्र वेगळी तऱ्हा होती. आम्ही मराठी बोलणारे ज्यू; आई, म्हणजे फ्लोरा, शबात, म्हणजे शनिवारचा विसावा, कडक पाळते. शुक्रवारी दिवे लावल्यापासून शनिवारी तारे दिसेपर्यंत ती कुठल्याही बटणाला हात लावत नाही. तेवढ्यापुरती घरातली वीज एका घड्याळावर चालते. ते शुक्रवारी रात्री अकराला वीज तोडतं आणि सकाळी सहाला परत देतं. आमच्या सिनेगॉगच्या हाखामांना, म्हणजे धर्मगुरूंना, विचारलं, तर ते म्हणाले, आजारी माणसानं बोलावं, पण मशीन कुणी हातानं चालू करू नये. मग मी तशी व्यवस्था लावली. सहाला वीज आली की मशीन आपोआप उठायचं, कुणाला काही न विचारता बाबांच्या, म्हणजे ‘अबाजी’ या, नावानं आत जायचं आणि कोरं पान उघडून बसायचं. बाबा येऊन लिहायला लागायचे. आई त्या दिवशी मशीनजवळ फिरकायचीही नाही, चुकून हात लागेल म्हणून. ती खिडकीशी तिच्या खुर्चीत बसायची; बाबांनी टेबल वाजवून बोलावलं की पडद्याकडे न बघता लागेल ते देऊन परत फिरायची. दिवसभर ते लिहायचे आणि शबात निघाल्यावर, हवदालाची मेणबत्ती विझली की ती चष्मा लावून सगळं एका दमात वाचायची. लग्नाला सदतीस वर्षं झालेल्या माणसांचं हे आठवड्याचं टपाल. मला ते वाचायला बंदी होती.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. बिघडवलं ते मी.

त्याला कारण झालं बाबांचं जुनं काम. १९६९ साली इकडे, ज्यूंच्या देशात, येण्याआधी ते मुंबईत भायखळ्याच्या एका छापखान्यात कंपॉझिटर होते. अरादमध्ये मराठी खिळे जुळवणारा कोणाला हवा होता? सव्वीस वर्षं त्यांनी कारखान्यात खोकी बांधली. पण नजर कंपॉझिटरचीच राहिली. मी त्यांना जो डेस्कटॉप दिला होता, केडीई नावाचा, त्याला आपली अक्षरं धड जमत नव्हती. जोडाक्षरं फुटायची, मोडक्या पायाची अर्धी अक्षरं रांगेत उभी राहायची आणि ह्रस्व वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती नंतर पडायची. आईला त्याचं काही नव्हतं, ती अंदाजानं वाचायची. बाबांचा मात्र जीव कासावीस व्हायचा. एकदा त्यांनी मला लिहून दाखवलं, ‘छपाईला असा फर्मा लावला असता तर मालकानं मला जिन्यावरून खाली ढकललं असतं.’

२००३ च्या फेब्रुवारीत मी ऐकलं की ग्नोम नावाच्या दुसऱ्या डेस्कटॉपच्या नव्या आवृत्तीत देवनागरी नीट बसते. एका गुरुवारी अर्धी रजा टाकून मी अरादला गेलो. तेव्हा इराकशी लढाई होणार अशी चर्चा चालू होती. विषारी वायूच्या भीतीनं आई खिडक्यांना प्लास्टिक चिकटवत होती आणि मी मशीनचा डेस्कटॉप बदलत होतो. दोघांनाही आपण घर सुरक्षित करतोय असंच वाटत होतं.

काम दोन तासांत झालं. एका फाइलीत एक शब्द बदलला, मशीन पुन्हा बंद-चालू न करता नुसता बाहेर पडून आत आलो. नाव विचारलं, मी नाव टाकलं. पासवर्ड विचारला, मी तोही टाकला. माझी बोटं थरथरत नाहीत. नवा डेस्कटॉप उघडला, मी कळांची ती सोय पुन्हा चालू केली, पान मोठं केलं आणि खुर्ची बाबांना दिली.

बाबांनी लिहिलं, ‘श्रीवर्धन’. मग लिहिलं, ‘ज्येष्ठ’. मग ‘मिरची’, वेलांटी पाहायला. सगळं जागच्या जागी होतं. ते किती तरी वेळ नुसते शब्द टाकत होते. ‘उद्ध्वस्त’ हा शब्द धड उमटला तेव्हा त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. आई म्हणाली, “पोराक काय जेवूक देनार का सबूद दाखवीत बसनार?” मी जेवलो आणि अंधार पडायच्या आत परत निघालो.

आता मी काय केलं नाही ते सांगतो. डेस्कटॉप बदलला की दारावरचा पहारेकरीही बदलतो. आत जाताना नाव विचारणारी जी खिडकी येते, ती जुन्या डेस्कटॉपची वेगळी आणि नव्याची वेगळी. जुन्या पहारेकऱ्याला मी सांगून ठेवलं होतं की सकाळी उठलास की काही विचारू नकोस, अबाजींना सरळ आत सोड. नव्याला ते सांगायचं राहिलं. मशीन शुक्रवारभर चालूच राहिलं; नव्या पहारेकऱ्याशी पहिली गाठ पडणार होती शनिवारी सहाला, वीज परत आल्यावर. दोन ओळींचं काम. रोज इतरांकडून मी ते करून घेतो, आणि बदल केल्यावर मशीन पुन्हा चालू करून बघितलं का, म्हणून त्यांच्यावर ओरडतोही.

आणि ती कळांची सोय दाराच्या आत असते. दाराबाहेर नसते. तिथे थरथरणारं बोट एका अक्षराची सहा अक्षरं करतं.

शनिवारी दुपारी तीन वाजता माझा फोन वाजला. पडद्यावर अरादचा नंबर होता. शबातच्या दिवशी आईचा फोन म्हटल्यावर उचलण्याआधीच मला कळलं. तिनं आयुष्यात पहिल्यांदा शबात मोडला होता, दोनदा: एकदा अँब्युलन्सला आणि एकदा मला. ती म्हणाली, “अमिराम, बाबा खुर्चीतच गेले. तू ये. गाडी सांभाळून चालव.”

मी पोहोचलो तेव्हा त्यांना पलंगावर ठेवलं होतं, चादर ओढलेली. हृदय बंद पडलं, अँब्युलन्सवाले म्हणाले, त्रास झाला नसावा. शेजारची शुला आरसे झाकत फिरत होती, मयताच्या घरी आमच्यात झाकतात तसे. टीव्हीवर तिनं टेबलक्लॉथ टाकला आणि कॉम्प्युटरकडे बोट करून मला विचारलं, यावरही टाकू का, यात तोंड दिसतं.

“रेगा, थांब,” मी म्हणालो, आणि जवळ गेलो.

पडद्यावर कोरं पान नव्हतं. नाव विचारणारी खिडकी होती. तिच्या चौकटीत इंग्रजी अक्षरं होती: ए पाच वेळा, बी तीनदा, मग पुन्हा ए, ए, ए, जे दोनदा. पुढे काही नाही.

मी शुलाच्या हातातली चादर घेतली आणि स्वतःच त्यावर टाकली. मागून आई म्हणाली, “सकाळधरनं लिवत व्हते. उठलेच नाय. शबात निंगाला की वाचू म्हटलं मी.” घर माणसांनी भरलं होतं. मी चादरीची टोकं मशीनखाली खोचली.

नातलग पोहोचायची वाट पाहून सोमवारी माती दिली. शिवाचे, म्हणजे सुतकाचे, सात दिवस सुरू झाले. आम्ही खाली बसलो, लोक येत राहिले, उकडलेली अंडी आणि डाळ आणत राहिले. आणि आई येणाऱ्या प्रत्येकाला सांगत राहिली, “लास्ट दिवशी पन माझ्यासाठी लिवत बसलेले. सकाळधरनं दुपारपर्यंत. इतका कधी लिवला नाय. सात दिवस झाले की अमिराम मना वाचून दाखवनार.” बायका डोळे पुसायच्या. एक म्हणाली, फ्लोराबाय, नशीबवान हायस. मी समोर बसून हे ऐकायचो.

तिसऱ्या दिवशी दुपारी आईचा डोळा लागला तेव्हा मी चादर उचलली आणि मशीनची नोंदवही उघडली. दाराशी कोण आलं, कोणाला आत घेतलं नाही, हे मशीन वेळेसकट लिहून ठेवतं. पहिली नोंद सकाळी सहा वाजून अकरा मिनिटांची होती. असा कोणी माहीत नाही. मग सहा तेरा. असा कोणी माहीत नाही. सहा सोळा. सात ते साडेसात नोंद नाही, चहा प्याले असतील. मग पुन्हा. मी मोजल्या. शेवटची दोन वाजून सदतीस मिनिटांची. एकूण त्रेसष्ट वेळा माझ्या वडिलांनी आपलं नाव सांगितलं आणि त्रेसष्ट वेळा मी बांधलेल्या मशीननं सांगितलं की असा माणूस इथे नाही.

मला राग आला तो त्यांचाही आला. त्या चौकटीत काहीही लिहिता येत होतं. इंग्रजी अक्षरांत ‘फ्लोरा’ लिहायचं, ‘ये’ लिहायचं, वेडंवाकडं का असेना. पण ते कंपॉझिटर होते. ज्या खणातलं अक्षर त्याच खणात. जिथे नाव मागितलंय तिथे नावच द्यायचं, आणि तेही शुद्ध. एक अक्षर जास्त पडलं की पुसायचं, पुसताना चार पुसली जायची, मग पहिल्यापासून. मी त्यांच्यावर रागावलो आणि मग तिथेच जमिनीवर बसून रडलो.

मग मी एक गोष्ट केली, ती सांगून टाकतो. दारातून आत गेलो, कोरं पान उघडलं आणि बाबांच्या वतीनं लिहायला लागलो. ‘फ्लोरा, तुझी तब्येत सांभाळ.’ सोपं होतं. त्यांची धाटणी मला येते असं वाटलं होतं. दुसरी ओळ लिहिली आणि थांबलो. सदतीस वर्षांच्या संसारानंतर ते तिला काय लिहायचे, मला ठाऊकच नव्हतं. मला वाचायला बंदी होती. एका वाक्यात तिनं मला पकडलं असतं. मी दोन्ही ओळी पुसल्या.

सातव्या दिवशी सकाळी शिवा संपली. शुलानं आरशांवरच्या चादरी काढल्या, घड्या घातल्या आणि ती गेली. आईनं तोंड धुतलं, चष्मा पुसला आणि खुर्ची ओढून मशीनसमोर बसली. इतक्या जवळ ती कधी बसत नसे.

“आता वाच,” ती म्हणाली.

“आई, त्यात काही नाहीये.”

“असा कसा? मी बघितलाय ना. बोट चालतच होता.”

“नाव लिहिलंय.”

“कोनाचा?”

“त्यांचं स्वतःचं.”

“आन् मग?”

“मग पुन्हा नाव. शेवटपर्यंत नावच. ते आत जाऊ शकले नाहीत, आई. मशीननं नाव विचारलं, आणि त्यांच्या बोटानं ते नीट उमटेना. मी विचारणं बंद करायला हवं होतं. विसरलो. दोन ओळी होत्या. माझी चूक आहे.”

तिनं पडद्याकडे पाहिलं. मी हिब्रूत सांगितलं, मराठीत सांगितलं, दोन डेस्कटॉप, दोन पहारेकरी, सगळं सांगितलं. ती मान हलवत होती, पण ऐकत नव्हती. माझी चूक तिच्यापर्यंत पोहोचतच नव्हती. कुणी तरी माझ्यावर ओरडावं असं मला वाटत होतं, आणि ओरडायला घरात तीच एक होती.

“तू तर पेताह तिक्वात व्हतास,” ती म्हणाली.

“आई—”

“मी इथं व्हते. ह्या खिडकीशी.” तिनं चष्मा काढून मांडीवर ठेवला. “तीनदा टेबल वाजवला त्यांनी. एकदा मी चहा दिला. एकदा गोळी दिली. तिसऱ्यांदा वाजवला तवा मी उठलेच नाय. म्हटलं, लिवत्यात, लिवू दे, सांजच्याला वाचू.”