अण्णा गाडी शिकले

"क्लच! अहो, क्लच दाबा, क्लच!"

अण्णांनी ब्रेक दाबला. गाडीला दोन उचक्या लागल्या आणि ती चौकाच्या ऐन मधोमध बंद पडली. मागून हॉर्न सुरू झाले.

"वाजवू देत त्यांना," शेजारच्या सीटवरून त्यांची बायको म्हणाली. "आधी न्यूट्रल करा. आता चावी फिरवा. गाडी काही चावत नाही."

"मला नाही जमायचं हे, सिस्टर. अठ्ठावन्नाव्या वर्षी मिसरूड फुटतं का कुठं?"

"इंजेक्शनला भ्यालेले पैलवानही माझ्यासमोर असंच म्हणायचे. घेतलंच ना टोचून? फिरवा चावी."

एकतीस वर्षं ती घरोघर जाऊन रुग्णांची ड्रेसिंगं करत होती. सगळी वस्ती तिला सिस्टर म्हणायची. अण्णाही आधी गमतीनं म्हणू लागले आणि मग तेच तोंडात बसलं. अण्णा पाणीपुरवठा कचेरीत कारकून. सकाळी ती त्यांना कचेरीत सोडायची आणि मग आपल्या कामाला जायची. अण्णा मांडीवर पिशवी घेऊन शेजारी बसायचे, काल कुठली फाइल हरवली ते सांगायचे. कचेरीतले लोक त्यांना 'बाईंचा क्लीनर' म्हणायचे. अण्णांना त्याचं कधी काही वाटलं नाही. मूलबाळ नव्हतं. दोघांचं जे काही बोलणं व्हायचं, ते बहुतेक त्या गाडीतच.

मग एका तपासणीत कळलं, की सिस्टरचं हृदय निम्म्याच ताकदीनं चालतंय. डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितली आणि आठवड्यातून दोनदा इस्पितळात यायला सांगितलं.

"बॉडी धड आहे, इंजिन गेलंय," घरी आल्यावर ती म्हणाली, आणि चावी अण्णांच्या पुढ्यात ठेवली. "आता तुम्ही शिका."

"टॅक्सी मिळते की."

"मला मिळेल हो. पण माझ्यामागं तुम्ही या खुर्चीतून उठणार नाही. मला माहितीये तुम्ही."

अण्णांनी शिकाऊ लायसन्स काढलं आणि ड्रायव्हिंग स्कूल लावलं. तिथल्या मास्तरांनी वीस दिवस त्यांना सोसलं. वळायच्या वेळी अण्णा इंडिकेटरऐवजी वायपर लावायचे आणि कोरड्या काचेवर तो करकर फिरत राहायचा. "साहेब, पाऊस नाहीये," मास्तर शांतपणे म्हणायचे. ते वीस दिवस संपल्यावर सिस्टर शेजारी बसू लागली आणि इस्पितळाचा रस्ता हीच अण्णांची शाळा झाली.

पहिल्याच महिन्यात त्यांनी गाडी घराच्या फाटकावर घासली. दाराला इकडून तिकडे लांबलचक ओरखडा गेला. अण्णा खाली उतरले, तो बघितला आणि तिथंच पायरीवर बसले.

"विकून टाकू ही गाडी. तुझी लाखमोलाची वस्तू मी मातीत घालतोय."

सिस्टर दाराला धरून हळूहळू त्यांच्याजवळ आली. खाली बसायला तिला वेळ लागला.

"पत्रा आहे तो. जाऊ दे," ती म्हणाली. धाप ओसरेपर्यंत थांबली. "मला एकदाच या गाडीत नुसतं बसायचंय. तीस वर्षं मी रस्ताच बघितला. खड्डे, सिग्नल, पुढच्याचे ब्रेकलाइट. खिडकीबाहेर काय असतं, ते तुम्ही सांगायचात तेवढंच मला ठाऊक. पण तुम्ही असे चालवता, की तुमच्या पायांवरची नजर काढायची सोय नाही!"

"पुढच्या वर्षी घेऊन जाईन तुला लांब कुठंतरी."

"मी नर्स आहे हो," ती म्हणाली. "मला रिपोर्ट वाचता येतात."

दुसऱ्या दिवसापासून अण्णा कचेरीच्या आधी तासभर मैदानात जाऊन गाडी मागंपुढं करू लागले. शेजारी कधी मास्तर, कधी अंगावर शाल घेतलेली सिस्टर. दोनदा परीक्षेत नापास झाले, तिसऱ्यांदा पास. सिस्टरनं लायसन्स उजेडात धरून पाहिलं. "फोटोत अगदी चोर दिसताय," ती म्हणाली, आणि ते कार्ड बराच वेळ तिनं परत दिलं नाही.

त्यानंतर नऊच दिवसांनी, इस्पितळाची वारी नसतानाही सकाळी तिनं अण्णांना हाक मारली. तिचे पाय सुजले होते. "आज जाऊन येऊ," एवढंच म्हणाली.

अण्णांनी गाडी काढली. पहिलं वळण गेलं, चौक गेला, चढावरचा सिग्नल गेला. क्लच-ब्रेक असं एकदाही ऐकू आलं नाही. अण्णांनी डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. सिस्टर काचेला डोकं टेकून बाहेर बघत होती.

"त्या घराला हिरवं दार आहे," ती म्हणाली. "आणि वर गच्चीत कुणीतरी कबुतरं पाळलीत. किती आहेत हो!"

"पुष्कळ आहेत," अण्णा म्हणाले. त्यांची नजर रस्त्यावर होती.

पुढं ती बोलली नाही. अण्णांना वाटलं, बघतेय. आज मी तिला बघू दिलं. त्या अर्ध्या तासाइतका अभिमान त्यांना आयुष्यात कशाचाच वाटला नव्हता. इस्पितळाच्या दारात त्यांनी गाडी अलगद थांबवली. "बघ, कसं आणलं तुला!" म्हणत तिच्याकडं वळले, तेव्हा तिचे ओठ निळसर पडलेले दिसले.

लोक धावले. तिला स्ट्रेचरवर घेतलं. अण्णा मागोमाग निघाले, तर गेटवरचा वॉचमन आडवा आला. "काका, मागं अँब्युलन्स अडकलीय. आधी गाडी काढा!"

अण्णा तिथंच घुटमळले. सिस्टरनं स्ट्रेचरवरून मान वळवली.

"जा, गाडी लावून या," ती म्हणाली. "मी कुठं जातेय?"

पार्किंगच्या टोकाला दोन गाड्यांच्या मधली एवढीशी फट तेवढी मोकळी होती. अण्णांनी रिव्हर्स घेतला. वाकडी गेली. पुढं घेतली, परत मागं घेतली. बसली. ते उतरले, चार पावलं गेले आणि थांबले. मागचं चाक पट्ट्यावर होतं. सरळ लावलीत ना, हे ती आधी विचारणार. ते परत गाडीत बसले आणि गाडी सरळ केली.

ते वर पोचले, तेव्हा डॉक्टर दाराबाहेर उभे होते. त्यांनी अण्णांच्या खांद्यावर हात ठेवला. "आत्ताच," ते म्हणाले. "दोन मिनिटं झाली."

अण्णा बराच वेळ तिच्याजवळ बसले. मग वॉर्डातली नर्स आली. ती सिस्टरच्या हाताखाली ड्रेसिंग शिकली होती. तिचे डोळे लाल होते. "घरून त्यांचे चांगले कपडे आणायला हवेत, काका. बरोबर कुणी आहे का? गाडी कोण चालवेल?"

"मी," अण्णा म्हणाले.

खाली तोच वॉचमन होता. "काका, ती टोकाची गाडी तुमची ना? इतक्याशा जागेत काय बसवलीय! किती वर्षं चालवताय?"

"नऊ दिवस."

"काय सांगता! मग शिकवणारा पक्का असणार."

"शिकवणारी," अण्णा म्हणाले.

वॉचमन हसला. रस्त्यावर जाऊन त्यानं शिटी फुंकली, हात आडवा धरून दोन्हीकडच्या गाड्या थांबवल्या आणि अण्णांना खूण केली. अण्णांनी आरशात पाहिलं, त्याला मान लववून नमस्कार केला आणि गाडी रस्त्यावर घेतली. कपाटातलं कुठलं पातळ आणायचं, हे तिला विचारायचं राहून गेलं होतं.