सदतीस नंबरची पेटी

आयव्हर प्रोबर्टच्या चारही पेट्यांतल्या माश्या हिवाळ्यात मेल्या आणि ही गोष्ट त्याने कुणालाही कळू दिली नव्हती. आता माश्या मेल्या म्हणून काय आभाळ कोसळतं? पण हा गडी इंग्लंडातल्या हेरफर्डशरमधल्या आमच्या खोऱ्यातल्या मधपाळ संघाचा अध्यक्ष. "सप्टेंबरात किडीवर औषध घाला, नाहीतर गाशा गुंडाळा," असं बावीस वर्षं लोकांना सुनावत आलेला. आणि यंदा नेमका स्वतःच विसरला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

रविवारी बारा शिष्य त्याच्या बागेत पेट्या बघायला येणार होते. निदान एक तरी जिवंत पेटी हवी, नाहीतर अब्रूचा पंचनामा. म्हणून शनिवारी तो पेट्यांच्या लिलावाला गेला, तेही चाळीस मैल लांबच्या. कुणी ओळखू नये म्हणून गाडीतून उतरायच्या आधीच त्याने तोंडावर मधपाळाची जाळी ओढली. पेट्या शेतात मांडल्या होत्या, तिथे जाळी शोभली. पण मध काढायची जुनी यंत्रं विकत होते त्या कोठारातही हा बाबा जाळीतच. चहासुद्धा जाळी चिमूटभर उचलून प्यायला.

सदतीस नंबरची पेटी त्याच्या मनात भरली. माश्या शांत, राणी जोमदार. विकणाऱ्याचं नाव कुठेच नव्हतं, नुसता नंबर. बोली दोनशे पौंडांवर गेली तसा आयव्हरने हात वर केला तो खाली आणलाच नाही.

"दोनशे चाळीस एक वार, दोन वार..." लिलाववाला थांबला. "ओ जाळीवाले, हात खाली घ्या. आता तुम्ही स्वतःच्याच बोलीवर बोली चढवताय."

लोक पोट धरून हसले, पण पेटी आयव्हरची झाली. संध्याकाळी त्याने ती बागेत मांडली आणि रविवारी सकाळी तिचं दार उघडलं. माश्या भराभरा बाहेर पडल्या. परत मात्र एकही येईना. सगळ्या कुंपणावरून थेट शेजारच्या ऑलवेनच्या बागेत.

आयव्हर धावत गेला. तिथे एका रिकाम्या चौथऱ्यावर माश्यांचा ढग घोंघावत होता आणि ऑलवेन कप हातात धरून बघत उभी होती.

"तुझी पेटी कुठंय?"

"विकली. कंबर धरते रे उचलताना. तुला सांगितलं असतं तर पेटी कशी उचलावी यावर तासभर ऐकवलं असतंस. त्यापेक्षा चाळीस मैल गाडी हाकणं परवडलं."

"नंबर कितवा होता?"

"सदतीस."

आयव्हरने कपाळावर हात मारला. पेटी हलवायची तर तीन फुटांच्या आत, नाहीतर तीन मैलांपलीकडे. मधे कुठे ठेवली तर माश्या जुन्या जागी परततात, हे त्यानेच अख्ख्या खोऱ्याला शिकवलेलं. त्याच्या बागेपासून हा चौथरा तीस पावलांवर.

"पण तुझ्याकडे चार पेट्या असताना..." ऑलवेन त्याच्या तोंडाकडे बघत राहिली आणि समजली. "सांगून टाक तुझ्या शिष्यांना."

"अब्रू जाईल गं."

"तुझ्या अब्रूवर कोण बोली लावतंय? सांग."

अकराला शिष्य आले. आयव्हरने त्यांच्यातल्या कॉलिन प्लंबरला हाताशी घेऊन पेटी उचलली, ऑलवेनच्या चौथऱ्यावर ठेवली आणि माश्या आत शिरेपर्यंत थांबला.

"ही पेटी हिची," तो म्हणाला. "माझ्या चारही मेल्या. थंडीने नाही, माझ्या हलगर्जीपणाने. औषध घातलं नाही."

 शिष्यांतल्या पाद्रीबाबांनी घसा खाकरला. "माझ्याही दोन्ही गेल्या. देव क्षमा करो, तीन महिने सगळ्यांना 'छान चाललंय' सांगतोय."

कॉलिनने हात वर केला. मग आणखी एकाने. बघता बघता नऊ हात वर.

"अरे, बावीस वर्षं काय बोंबलतोय मी?" आयव्हर भडकला. "औषध का नाही घातलंत?"

"सर," कॉलिन म्हणाला, "दर साली तुम्ही औषध घालताना दिसलात की आम्ही घालतो. यंदा तुम्ही हललाच नाहीत. म्हटलं, सरांनी घातलं नाही म्हणजे यंदा लागत नसेल."

आयव्हरला ते फार लागलं. त्याने हळूच ऑलवेनकडे पाहिलं. "तू कधी घातलंस?"

"सप्टेंबरात," ती म्हणाली. "तूच सांगितलं होतंस ना?"