चुकीचे गुण

प्राणिशास्त्राच्या बाई बावीस वर्षं गोगलगायींवर संशोधन करत होत्या. एकेका शोधनिबंधाला त्यांना चार-चार वर्षं लागत, कारण गोगलगायींना कसलीच घाई नसते. शेजारच्या खोलीतले एक सहकारी मात्र वर्षाला चाळीस निबंध काढत. सगळे त्यांना 'छापखाना' म्हणत आणि ते ते नाव कौतुकाने मिरवत.

नव्या संचालकांनी येताच संशोधन मोजणारी संगणकप्रणाली बसवली. निबंध किती, इतरांनी त्यांचा उल्लेख किती वेळा केला, यावरून प्रत्येकाला गुण. यादी जिन्यापाशी लागली. बाई अगदी तळाला होत्या. त्यांच्या वरच्या क्रमांकावर गेल्या वर्षी वारलेले एक प्राध्यापक होते.

संचालकांनी बोलावून गोड शब्दांत दम दिला: वर्षभरात गुण वाढले नाहीत, तर प्रयोगशाळा छापखान्याकडे जाईल.

त्याच महिन्यात बाईंना एक भलतीच गोष्ट कळली. प्रयोगाच्या टाकीतला जुना तापमापक चार अंश कमी दाखवत होता. शिसं मिसळलेल्या पाण्यात गोगलगायी खाणं सोडतात, हा त्यांचा सगळ्यात महत्त्वाचा निष्कर्ष साफ खोटा होता. बिचाऱ्या नुसत्या गरम पाण्यात उकडत होत्या. नवरा म्हणाला, आता कुणाला कळणार आहे, गप्प राहा. त्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "मला कळलंय ना."

त्यांनी नियतकालिकाला पत्र लिहून चूक कबूल केली. पत्र छापून आलं तेव्हा लाजेने त्या दोन दिवस खोलीबाहेर पडल्या नाहीत. मग ठिकठिकाणच्या संशोधकांनी आपापले तापमापक तपासले, निम्म्यांचे बिघडलेले निघाले. जो तो लिहू लागला, की अशीच चूक बाईंच्या निबंधातही झाली होती. वर्षभरात सहाशे उल्लेख झाले.

नव्या यादीत बाई पहिल्या आल्या. संचालकांनी सभागृहात मानचिन्ह द्यायचं ठरवलं, तेव्हा बाई तडक त्यांच्या खोलीत गेल्या.

"सर, ते सगळे लोक मी चुकले असं लिहितायत."

"मॅडम, लिहितायत ना? मग झालं."

"पण निष्कर्ष खोटा आहे."

"प्रणालीत तसा रकाना नाही," संचालक म्हणाले आणि त्यांनी सत्काराची वेळ सांगितली. शिवाय चूक कबूल केल्याचं पत्र वेगळा निबंध म्हणून धरलंय, त्याचेही गुण मिळालेत, हेही कौतुकाने कानावर घातलं.

सत्कार झाला. प्रयोगशाळा वाचली म्हणून बाईंनी मानचिन्ह घेतलं, पण भाषणात अख्खा वेळ त्या तापमापकाबद्दलच बोलल्या. लोकांना तो विनय वाटला.

दुसऱ्या दिवशी छापखाना त्यांच्या दारात आला. जरा घुटमळला, मग आवाज खाली आणून त्याने विचारलं, की साधारण कोणत्या प्रकारची चूक केलेली बरी पडते?

बाई टाकीतलं पाणी बदलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "चुकायला आधी प्रयोग करावा लागतो, सर."

त्याला किती दिवस लागतात, हे त्याने अगदी गांभीर्याने विचारलं. चार वर्षं, असं कळल्यावर तो आपल्या खोलीकडे वळला.