एक दिवस कौशी, एक दिवस मी

आम्ही दोघी बहिणी शाळेत पाळीने जायचो. एक दिवस कौशी, एक दिवस मी. हे डोकं आमच्या बाबांचं, उकंडरावांचं. बीबी गावापासून कोसभरावर आमचा भाजीचा मळा होता, घरही तिथेच, आणि मळ्यातली विहीर अर्जुनकाकांच्या सामायिकीत होती. एक दिवस आमची मोट चालायची, दुसऱ्या दिवशी काकांची. त्यात कधी भांडण झालं नाही, म्हणून बाबांची पक्की समजूत झाली होती की जगातली कुठलीही अडचण पाळी लावली की सुटते. धाकट्या इंद्रभानला सांभाळायला आणि ज्वारीवरची पाखरं हाकलायला घरी एक पोरगी लागायची. घरात पोरी होत्या दोन. मग अडलंय कुठं?

कौशल्या माझ्याहून वर्षाने मोठी, पण आमची नावं शाळेत एकाच दिवशी घातली, त्यामुळे वर्ग एकच. चौथीपर्यंत आमचं बरं चाललं. चौथीत गेल्यावर मात्र ही पाळी मोडायची वेळ आली, आणि दोघींतली एक शाळेतून कायमची घरी बसणार असं ठरायची वेळ आली. ते पुढे सांगते.

पाळीला मायची एक अट होती. शाळेत जाऊन आलेलीने संध्याकाळी चुलीपुढे बसून घरी राहिलेलीला सगळं सांगायचं. सगळं म्हणजे सगळं. पाढे, कविता, गुरुजी कोणाला काय बोलले, कोणाच्या पाटीला तडा गेला. माय, म्हणजे सुभद्राबाई, एक अक्षर शिकलेली नव्हती. पण कौशीने कंटाळून घाईघाईत उरकलं की तव्यावरची भाकर उलटता उलटता ती म्हणायची, "एवढंच? अख्खा दिवस बसली न् एवढंच घेऊन आली काय वं?" मग कौशीला आणखी काहीतरी आठवावंच लागायचं. मी तर कधीकधी भर घालायचे. ते मायला लगेच कळायचं.

दुसरा नियमही मायचाच. बाबा भाजीची गाडी घेऊन लांबच्या बाजाराला निघाले की त्या दिवशी पाळी बंद, दोघींनी गाडीत बसायचं. "ऐकलेलं अर्धं असते," ती म्हणायची, "पाह्यलं का मंग पुरं होते." साखरखेर्ड्याच्या बाजारात तेव्हा नवी किलोची वजनं आली होती. बाबांचं सगळं आयुष्य शेर-पायलीत गेलेलं. वांगी तोलताना ते आमच्याकडे बघायचे आणि आम्ही दोघी, एक या बाजूने आणि एक त्या बाजूने, त्यांना किलो शिकवायचो. गिऱ्हाईक हसायचं. बाबांना त्याचं काही वाटायचं नाही, उलट ते म्हणायचे, "पोरी शाळेत जातात ना भाऊ. एकीच्या खर्चात दोघी."

एकदा मामांच्या घरच्या लग्नाला एस.टी.ने खामगावला गेलो. तिथे बाबांनी लग्न सोडून आधी आम्हाला जिनिंग दाखवलं, सरकीतून कापूस वेगळा होताना. मग स्टेशनावर नेलं. जलंबहून आलेलं इंजिन वाफ सोडत उभं होतं. कौशी धीटपणे जवळ गेली, मी बाबांच्या धोतराआड. अक्षता पडून गेल्यावर आम्ही मांडवात पोचलो. मामी फुगून बसल्या होत्या. माय म्हणाली, "लग्नं काय, दरसाल होतात."

आता समुद्राचं सांगते, कारण सगळा घोटाळा त्याने केला. महाराष्ट्र नुकताच झाला होता आणि शाळेत नवा नकाशा आला होता. समुद्राचा धडा शिकवला त्या दिवशी पाळी कौशीची. संध्याकाळी तिने सांगितलं की समुद्राचं पाणी खारट असतं, नद्या त्यात येऊन मिळतात पण त्यातून बाहेर कोणी जात नाही, आणि आता तो आपल्या राज्यात आहे. बाबा विडी विझवून म्हणाले, "माह्या टायमाले आपल्या राज्याले समुद्रच नव्हता. नागपूर राजधानी होती. आता नवीन राज्य झालं, समुद्र आला." हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं की जणू तहसीलच आली.

पुढच्याच आठवड्यात गाडी लोणारला गेली, देवीच्या पूजेला मायही बरोबर. भाजी विकून झाल्यावर झऱ्याच्या धारेखाली हातपाय धुतले आणि झाडीतून खाली उतरत कमळजा देवीच्या देवळापर्यंत गेलो. समोर हिरवं पाणीच पाणी. मायने ओंजळीत थोडं पाणी घेऊन त्यात पूजेची हळद टाकली तर ती कुंकवासारखी लाल झाली. मी कोणाचं लक्ष नाही असं बघून पाणी जिभेला लावलं. खारट! "थुंक वं, थुंक!" बाबा ओरडले. मी थुंकले, पण माझं काम झालं होतं. पाणी खारट, ओढे आत येतात, बाहेर एकही जात नाही, आणि राज्य तर आपलंच. मी समुद्र पाहिला होता. हे कोणाला बोलून दाखवलं नाही, कारण सगळ्यांनीच पाहिला होता, त्यात सांगायचं काय?

दिवाळीनंतर शाळेत भगवंतराव नावाचे नवे गुरुजी आले. माणूस चांगला, पण हजेरीचा पक्का. त्यांनी बाबांना बोलावून घेतलं. "उकंडराव, दोघींची हजेरी निम्मी निम्मी आहे. अशाने चौथीच्या परीक्षेला एकही बसू शकत नाही. एकीला रोज पाठवा, दुसरीचं नाव काढून टाकू. कोणती ते तुम्ही ठरवा. डिप्टी साहेब शाळा तपासायला येणार आहेत, त्यांच्यासमोर सांगा."

बाबांची पाळी इथे चालत नव्हती. विहिरीचं पाणी आज नाही तर उद्या मिळतं, पण नाव एकदा कापलं की कापलं. मला गणित यायचं नाही, कौशीला यायचं. त्यामुळे मी मनाशी धरूनच चालले होते की घरी बसणार ती मी. मी रात्रंदिवस पाढे घोकले. कौशी ते शेजारून दुरुस्त करायची, आणि मला तिचा राग यायचा आणि तिच्याशिवाय करमायचंही नाही.

साहेब आले त्या दिवशी आम्हा दोघींनाही बोलावलं होतं. बाबा डोक्यावर धुतलेली टोपी घालून ओसरीत उभे, त्यांच्या मागे इंद्रभानला कडेवर घेऊन माय. साहेबांनी पाढे विचारले, कविता विचारली. मग नकाशाकडे बघून म्हणाले, "समुद्र कोणी पाहिला आहे?"

माझा हात वर.

"कुठे पाहिलास?"

"लोणारले."

सगळा वर्ग फिसकन हसला. गुरुजींनी कपाळाला हात लावला. साहेब मात्र हसले नाहीत. "तो समुद्र कशावरून?"

"पाणी खारट हाय, मी चाखलं. वरून ओढे येतात, भाईर एकबी जात नाई. न् त्याच्यात हळद टाकली का लाल होते."

"मी मुंबईला समुद्र पाहिला आहे," साहेब म्हणाले, "पण हळद घेऊन गेलो नव्हतो. बस खाली, बाळ. ते तळं आहे, समुद्र नाही. पण पाहिलंस नीट."

मी बसले. कान तापले होते. आजच्याच दिवशी, आणि तेही मायसमोर! आता माझं नाव कापणार यात शंका उरली नव्हती. एवढ्यात शेजारून कौशी उठली.

"साहेब, चूक माही हाय. समुद्राच्या दिवशी मी शाळेत होती. म्या तिले पाणी खारट सांगतलं, पण समुद्र केवढा असते ते सांगाचं राह्यलं."

साहेबांना काही उलगडा होईना. गुरुजींनी थोडक्यात आमच्या पाळीची हकिगत सांगितली. साहेबांनी चष्मा काढून पुसला. "काल शाळेत कोण होतं?"

"मी," कौशी म्हणाली.

"मग काल काय शिकवलं ते दुसरीने सांगावं."

मी उठले. काल भागाकार झाला होता, तो सांगितला. फळ्यावरचं उदाहरण सांगितलं, उत्तरासकट. कविता म्हणून दाखवली. मग मला मायची अट आठवली आणि मी तशीच पुढे गेले, "मंग गुरुजीले तीनदा शिंका आल्या, न् गुरुजी म्हणले का या गावातला धुराळा माहा जीव घेऊन राह्यला." आता वर्गाबरोबर गुरुजीही हसले. साहेबांनी तर रुमाल तोंडाला लावला.

ते बाहेर ओसरीत आले. "बोला उकंडराव, कोणतं नाव ठेवायचं?"

बाबांनी टोपी काढून हातात घेतली. ते तिची घडी घालत राहिले. तेव्हा कौशीच म्हणाली, "रुखमीचं ठेवा. मी घरी ऐकीन तिच्याकडून." असं म्हणाली जणू शेवटची भाकर पुढे सरकवतेय. गणितात ती माझ्या दुप्पट हुशार. अशी बहीण मला मिळाली, याहून मोठं दान देवाकडे मागायला मला कधी सुचलं नाही.

माय दोन पावलं पुढे आली. पदर सावरून, साहेबांकडे न बघता म्हणाली, "साहेब, पाण्याची पाळी लावताना कोणी इचारते का, कोणतं वावर वाळू द्यायचं म्हणून?"

इंद्रभानने तेवढ्यात साहेबांच्या पेनाकडे हात केला.

साहेबांनी थोडा विचार केला. "असं करू. परीक्षेपर्यंत दोघी रोज शाळेत आल्या, तर मागच्या गैरहजेरीचं मी बघून घेतो. दोघी परीक्षेला बसतील. पण रोज. पाळी बंद. जमेल?"

बाबा हिशेबाला लागले. पोरगं, पाखरं, निंदण, भाजीची तोडणी. "साहेब, घरी एक पोरगी तं..."

"जमन," माय म्हणाली.

"कसं वं जमन?"

"माह्या कामाले आजवर कुठं पाळी होती?" ती म्हणाली. "आता थोडं आणखीन."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी पहिल्यांदाच एकत्र शाळेत निघालो. पाटी एकच होती. एका बाजूवर तिने लिहायचं, दुसऱ्या बाजूवर मी. बांधावरून मागे वळून पाहिलं तर मायने लिंबाच्या फांदीला झोळी बांधली होती. एका हाताने ती झोका द्यायची, दुसऱ्या हाताने गोफण उचलून पाखरांवर ओरडायची, आणि मध्येच निंदायला वाकायची. त्या वर्षी मायचे हात किती दुखले असतील हे मला स्वतःची लेकरं झाल्यावर कळलं. मी मास्तरीण झाले, कौशी मुख्याध्यापिका झाली, आणि आमच्या नावापुढे लोक "बाई" लावतात, त्यातलं निम्मं त्या हातांचं आहे.

पण मला खरं सांगायचंय ते त्या पहिल्या संध्याकाळचं.

सवयीप्रमाणे आम्ही दोघी चुलीपुढे बसलो, एकमेकींसमोर. कौशी माझ्याकडे बघते, मी कौशीकडे. तिने जे ऐकलं तेच मी ऐकलं होतं. सांगायला काही नव्हतंच. बाबा बाहेर बैलांना कडबा टाकत होते. माय पीठ मळत होती, आणि दिवसभर राबून तिचा चेहरा अगदी उतरला होता.

"काऊन गप बसल्या?" तिने विचारलं.

"आज दोघीबी गेलो होतो माय," कौशी म्हणाली. "मंग सांगू कोणाले?"

मायने चुलीत एक काडी सारली. मग खाली बघतच म्हणाली, "मले सांगा ना वं. चार वर्सं तुमचं ऐकून ऐकून मी बी तं चौथीत आली."

आम्ही दोघी एकदमच बोलायला लागलो. मायने भाकर तव्यावर टाकली. "एकएक जण सांगा," ती म्हणाली. "मले काही घाई नाई."