चेअरमन बादलीत असताना

बाबांनी मोठ्या काकांना खुर्चीसकट बाल्कनीत नेऊन ठेवलं, आणि माशांचा टँक घरात राहिला.

असं काही घडलेलं नाही. याबाबत आमच्या घराचं एकमत आहे. काका हवा खायला स्वतःच्या पायांनी बाल्कनीत गेले आणि खुर्ची त्यांच्यामागून गेली. वरचं वाक्य ज्यांनी वाचलं असेल त्यांनी न वाचल्यासारखं करावं. आम्हीही तेच करतो आणि आमचं उत्तम चाललंय.

तर मोठे काका, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, आमच्याकडे चार दिवसांसाठी आले. त्यांच्या फ्लॅटमधले पाइप बदलायचे होते. पाइप बदलून झाले, मग फरशी झाली, मग भिंतींना रंग झाला, आणि तो रंग आजतागायत वाळतोच आहे. काकांना माझी खोली मिळाली. मला जेवणाच्या टेबलाखालची जागा मिळाली. तिला खोली म्हणता येत नाही, पण छत आहे.

काका आयुष्यभर परीक्षांचे पर्यवेक्षक होते. ते ओरडत नाहीत. त्यांना ओरडावंच लागत नाही. ते खोलीत आले की माणसं आपोआप आपापल्या ताटाकडे बघतात. मी तर जेवताना डाव्या हाताने ताट झाकायला लागलो होतो, जणू शेजारी बसलेली आई माझी भाजी बघून स्वतःची लिहिणार होती.

बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. अकराव्या मजल्यावर अडकलेल्या लोकांना “कुणी हलू नका, मी आलोय” असं ते ज्या आवाजात सांगतात, तो ऐकून एकदा एक बाई आत अडकलेली असतानाच निवांत झोपली होती. पण घरी काका असले की हा आवाज बूट काढायच्या जागी राहायचा. आत यायचं ते फक्त “हो दादा.”

“छोट्या, पंखा कमी कर.”

“हो दादा.”

“छोट्या, तू पंख्याच्या खाली उभा आहेस.”

“हो दादा.”

छोट्या त्रेपन्न वर्षांचा आहे.

बाबांची स्वतःची म्हणावी अशी घरात एकच गोष्ट होती, तो टँक. चार फुटी काच, आत दगडांचे ढीग, आणि ढिगांमध्ये आफ्रिकेतल्या तळ्यांतले मासे. यांना सिक्लिड म्हणतात. दिसायला अतिशय देखणे, स्वभावाने पार्किंगवरून भांडणाऱ्या माणसांसारखे. दुकानदाराने ते ‘मिक्स आफ्रिकन’ म्हणून विकले होते. म्हणजे लहानपणी सगळे सारखेच दिसतात, कोण कोण निघतो ते मोठेपणी बघू, असा व्यवहार. आई म्हणते, “याच्या बाबतीत आम्ही तेच केलं.” हा म्हणजे मी.

मोठेपणी बहुतेकांची ओळख पटली. पिवळाधमक होता तो लॅबिडो. पट्ट्यापट्ट्यांचा, दिसेल त्याच्या अंगावर धावून जाणारा होता तो ऑरेटस. त्याचं नाव आम्ही चेअरमन ठेवलं होतं, कारण मधल्या सगळ्यात मोठ्या दगडावर त्याचाच हक्क होता आणि तो तिथे बसून काहीच काम करत नसे. एकच मासा उरला, ज्याचं काही केल्या नाव लागेना. अंगाचा रंग ओल्या वाळूसारखा, नजर खाली, मुक्काम कायम हीटरच्या मागे. त्याला आम्ही मळकू म्हणायचो. बाबांचा त्याच्यावर विशेष जीव. दाणे टाकताना ते आधी उजव्या कोपऱ्यात मूठभर टाकून चेअरमनला गुंतवायचे, आणि मग हीटरमागे हळूच चिमूटभर सोडायचे. स्वतःच्या घरात, स्वतःच्या टँकमध्ये, चोरून.

बाबांनी मळकूचे फोटो हौशी मत्स्यपालकांच्या संघटनेला पाठवले. तिथे ओळख समिती आहे. समितीचे अध्यक्ष चष्म्याचं दुकान चालवतात आणि तिथे सगळे एकमेकांना धंद्यावरूनच हाक मारतात, म्हणून ते चष्मेवाले आणि बाबा लिफ्टवाले. चष्मेवाल्यांचं उत्तर आलं, “मासा अस्पष्ट. काचेत उमटलेलं नाक मात्र सुस्पष्ट असून ते पूर्ण वाढ झालेल्या नराचं आहे.”

ते नाक मोठ्या काकांचं होतं. काकांनी त्यांची आरामखुर्ची टँकला चिकटवून ठेवली होती. तिथे वारा चांगला येतो म्हणे. दिवसभर ते तिथे बसून माशांचं पर्यवेक्षण करत.

एका गुरुवारी काकांनी जाहीर केलं की त्यांचं शिसवी कपाट रविवारी संध्याकाळी येतंय.

“कुठे ठेवणार, भाऊजी?” आईने विचारलं.

“इथे.” काकांनी टँककडे बोट दाखवलं. “हे देऊन टाका कुणाला तरी.”

बाबांच्या हातातला चहा बशीत गेला. मला वाटलं आता आवाज येणार, अकराव्या मजल्यावरचा. आला तो असा: “दादा, पण... मासे आहेत त्यात.”

“हा कोण आहे?” काकांनी हीटरमागच्या मळकूकडे हनुवटी केली.

“मासा.”

“ते मलाही दिसतंय. नाव काय याचं?”

बाबांनी बशीतला चहा परत कपात ओतला.

“ज्याचं तुला नाव माहीत नाही, ते जनावर तू इतकी वर्षं पोसतोयस?” काका चष्मा पुसत म्हणाले. मग त्यांच्यातला पर्यवेक्षक जागा झाला. ते न्यायी आहेत, हे मान्य करावं लागेल. “ठीक आहे. कपाट दारात येईपर्यंत वेळ देतो. नाव सांगितलंस तर टँक राहील. नंतर लिहिलेलं तपासलं जाणार नाही.”

बाबांनी जिन्यात उभं राहून चष्मेवाल्यांना फोन लावला. मी शेजारी उभा होतो, नैतिक पाठबळ आणि टॉर्च घेऊन.

“लिफ्टवाले, ऐका,” चष्मेवाले म्हणाले. “मासा मळका नाही, दबलेला आहे. या जातींमध्ये डोक्यावर कुणी दांडगा बसला की नर आपला रंगच उतरवून ठेवतो. मादी दिसतो, पोर दिसतो, काहीही दिसतो, पण स्वतःसारखा दिसत नाही. दांडग्याला काढा. मग सगळे दगड हलवा, म्हणजे कुणाचीच जागा कुणाची राहत नाही. तासाभरात रंग चढायला लागेल. मी रविवारी दुपारी येतो.”

“रंग आला की ओळखाल ना?”

“लिफ्टवाले, मी माणसं चष्म्याशिवाय ओळखतो.”

याचा अर्थ आम्हाला कळला नाही, पण धीर आला.

रविवारी जेवण झालं. काका खुर्चीत रेलले, चेहरा काचेपासून वीतभर, आणि झोपले. त्यांची झोप जाड आहे. एकदा आमच्या इमारतीचा अग्निशमन सराव त्यांच्या अंगावरून गेला होता.

बाबांनी बाह्या वर केल्या आणि कामाला लागले. सिक्लिड पकडायचा तर आधी सगळे दगड बाहेर काढावे लागतात, नाहीतर तो एका फटीतून दुसऱ्या फटीत जात राहतो आणि आपल्याच हाताला गोळे येतात. खांद्यापर्यंत भिजलेले बाबा, जाळी घेऊन मी, आणि “फरशीवर पाणी नको” एवढंच तांत्रिक मार्गदर्शन करणारी आई. शेवटी चेअरमन जाळीत आला. बादलीत सोडल्यावर त्याने पहिली उडी मारली ती थेट आईच्या दिशेने. आईने शांतपणे बादलीवर ताट झाकलं आणि ताटावर वरवंटा ठेवला.

“माझ्या घरात बसून माझ्याकडे बघू नकोस,” ती बादलीला म्हणाली.

दगड नव्याने रचले. मोठा दगड डावीकडे, हीटर उजवीकडे. मासे गोंधळून फिरायला लागले. मळकू पहिल्यांदाच टँकच्या मध्यावर आला. आम्ही श्वास रोखून बघत राहिलो.

मळकू मळकाच.

एवढंच नाही, तो मध्यावर आला, काचेबाहेर बघितलं, आणि होता नव्हता तेवढाही रंग टाकून हीटरमागे गेला.

“संपलं,” बाबा म्हणाले आणि ओल्या टॉवेलवर बसले. “नाहीच आहे त्याच्यात रंग. दादा म्हणतात तेच खरं असेल.”

आई टँककडे बघत होती. मग काचेकडे. मग काचेपलीकडच्या चेहऱ्याकडे. काकांचं तोंड झोपेत थोडं उघडं होतं आणि कल्ल्यांसारखं हलत होतं.

“अहो,” ती म्हणाली, “एक चेअरमन बादलीत गेला. दुसरा बाहेर बसलाय.”

फिल्टर तेवढा बोलत होता.

“उठवायचं?” मी विचारलं.

“उठवलं तर म्हणतील, का उठवलं,” बाबा म्हणाले. “मग मी म्हणेन, हो दादा.” त्यांनी ओले हात पँटला पुसले. मग उठले, आणि जेव्हा बोलले तेव्हा मी जागच्या जागी स्तब्ध झालो, कारण तो आवाज मी फक्त लिफ्टच्या दाराबाहेरून ऐकला होता.

“कुणी हलू नका. ट्रॉली आण.”

लिफ्टच्या मोटारी हलवायची ती ट्रॉली, बुटकी, चार चाकांची, आवाज न करणारी. बाबांनी खुर्ची एका बाजूने तिरकी केली, मी ट्रॉली सरकवली, मग दुसरी बाजू. मोठे काका, आरामखुर्ची, उशी आणि पोटावरचं वर्तमानपत्र, असा सगळा नग हॉलमधून निघाला. उंबरठ्यावर चाक अडलं. काका झोपेत म्हणाले, “मागे बघू नका.” आम्ही नाही बघितलं. बाल्कनीत त्यांना कपडे वाळत घालायच्या दोरीखाली ठेवलं. त्यांच्या कपाळावर माझा एक मोजा आला, तो तसाच राहू दिला. सावली होत होती.

(हे घडलेलं नाही, याची पुन्हा एकदा आठवण करून देतो.)

परत आलो तर आई सोफा ओढत होती.

“दगड हलवा म्हणाले ना ते,” ती म्हणाली. “सगळे.”

मग आम्ही सगळे हलवले. सोफा खिडकीशी, टेबल भिंतीशी, दिवाण तिरका, फ्रिज नको म्हटलं तरी हॉलमध्ये. आणि टँकसमोरच्या रिकाम्या जागी बाबांनी जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची आणून ठेवली आणि तिच्यावर बसले. पाठ ताठ. माझ्या आठवणीत ते हॉलमध्ये पहिल्यांदाच खुर्चीत बसले होते.

चष्मेवाले आले तेव्हा दारातून थेट फ्रिजवर आदळले. “नवीन घर घेतलंत?” म्हणत त्यांनी टँकपाशी गुडघे टेकले, नाकावर एक चष्मा, कपाळावर दुसरा.

मळकू मधल्या दगडापाशी आला होता. आधी त्याच्या डोळ्यातून हनुवटीकडे एक काळी रेघ उतरली, कुणी पेनाने ओढावी तशी. मग अंग उजळलं. वाळू निवळत गेली आणि खालून निळा रंग वर आला. कल्ल्यामागे तांबडा डाग, आणि खालच्या परावर केशरी ठिपके, अंड्यांसारखे गोल, रांगेने. त्याने पर ताणले आणि शेजारच्या लॅबिडोला उगाच एक ढुशी मारली.

“बर्टोनी!” चष्मेवाले ओरडले. “अहो, डोळ्यातली रेघ बघा! लिफ्टवाले, बर्टोनी आहे हा, नर! इतकी वर्षं आत लपून बसला होता!”

बाबा खुर्चीतून हलले नाहीत. त्यांच्या दोन भुवयांच्या मध्ये मात्र एक उभी आठी पडली होती. ती मी आधी कधी पाहिली नव्हती.

तेवढ्यात बाल्कनीतून आवाज आला, “छोट्या?”

काका दारात उभे होते, कपाळावर मोजा. त्यांनी हॉलकडे बघितलं. सोफा जिथे असायचा तिथे फ्रिज होता. त्यांच्या जागी बाबा होते. ते दोन पावलं डावीकडे गेले, थांबले, दोन पावलं उजवीकडे गेले.

“मी... तिकडे कसा गेलो?”

“हवा खायला गेलात, भाऊजी,” आई म्हणाली. “तुम्हीच म्हणालात.”

“माझी खुर्ची?”

“तीही म्हणाली,” मी म्हणालो.

घंटा वाजली. कपाट अजून जिन्याच्या शेवटच्या पायरीवर होतं, खाली चार हमाल.

“दादा,” बाबा न उठता म्हणाले, “बर्टोनी. नर. आफ्रिकेतल्या तळ्यातला.”

काका काचेजवळ आले. बराच वेळ त्या निळ्या माशाकडे बघत राहिले. मग दाराकडे, मग घड्याळाकडे. मी म्हटलं ना, ते न्यायी आहेत.

“वेळेत लिहिलंय,” ते हळू आवाजात म्हणाले. “मार्क द्यावे लागतील.”

“कपाट परत न्या,” बाबांनी हमालांना सांगितलं, अकराव्या मजल्यावरच्या आवाजात. हमालांपैकी एकाला जांभई आली.

टँक राहिला. चेअरमनला चष्मेवाल्यांच्या सांगण्यावरून सगळ्यात शेवटी परत सोडलं. त्याने आपला दगड शोधला, तो सापडला नाही, आणि आता तो हीटरमागे असतो. काकाही आहेत. त्यांच्या भिंतींचा रंग अजून वाळतोय. ते स्वयंपाकघरात स्टुलावर बसतात आणि मी गेलो की दबक्या आवाजात विचारतात, “टोस्ट आहे का रे एखादा?” मी त्यांना दोन देतो. चेअरमनलाही दुपारी ते हीटरमागे चिमूटभर दाणे सोडतात, कुणी बघत नाही असं बघून.

अडचण बाबांची आहे. त्यांचा रंग उतरायला तयार नाही. चपला कुठे ठेवायच्या, दिवा कुणी विझवायचा, टूथपेस्ट कुठून दाबायची, सगळं ते त्या खुर्चीत बसून सांगतात, आणि आठी आता रविवारीसुद्धा असते. टेबल भिंतीला गेल्यापासून माझ्या छताखालून बाहेर पडायची एक बाजूही बंद झाली आहे. काल त्यांनी माझ्याकडे बघून नुसतं “अं?” म्हटलं आणि मी तिघांचे बूट पुसले. म्हणून खालील मजकूर आज टपालाने पाठवला आहे.

मा. अध्यक्ष, ओळख समिती, यांस सविनय सादर. अर्जदार हा सदर घरातील मिक्स नग असून पूर्ण वाढ होऊनही त्याची प्रजाती निश्चित झालेली नाही. घरात कोणीही एक व्यक्ती कायमस्वरूपी निळी राहू नये यासाठी दर तिमाहीस सर्व सामान हलवण्याचा लेखी आदेश समितीने द्यावा, व अर्जदाराची ओळख पटेपर्यंत त्यास हॉलच्या उजव्या कोपऱ्यात, दबलेल्या माशांना लपायला देतात तशी आडवी ठेवलेली, एका बाजूने उघडी अशी मातीची कुंडी मंजूर करण्यात यावी. अर्जदाराची उंची पाच फूट दहा इंच असल्याने कुंडी त्या मापाची असावी, ही विनंती.