मामाची मांडी

माझी मुलगी सान्वी अडीच वर्षांची आहे आणि हट्टी आहे. ही तक्रार नाही, माहिती आहे. तिला तुटलेली पोळी चालत नाही. तुटली तर ती जोडून मागते. लिफ्टचं बटण तिच्याआधी दुसऱ्या कोणी दाबलं, तर आम्ही सातव्या मजल्यावरून परत खाली जातो आणि तिच्या हाताने दाबून वर येतो. गेल्या महिन्यात नौपाड्यातले डॉक्टर तिला "आ कर" म्हणाले, तर ती म्हणाली, "तू कल." त्या भल्या माणसाने केलं.

"आत्ताच वळण लाव, नाहीतर डोक्यावर बसेल," असं सोसायटीतल्या बायका सांगतात, ऑफिसातले लोक सांगतात, सासूबाई तर दर फोनला सांगतात. मी सगळ्यांना हो म्हणते. हो म्हणायला मला कधीच वेळ लागत नाही.

जावळाचंही असंच झालं. माझा नवरा सूरज, त्याचं घर शीळफाट्याजवळच्या गावात. सान्वीला तिसरं लागलं, तेव्हा सासूबाईंनी रविवार ठरवला. जावळ निघतं ते मामाच्या मांडीवर, आणि मला भाऊ नाही. धाकटी बहीण आहे, प्रियांका. ती दोन वर्षांपूर्वी नवऱ्याला सोडून आमच्याकडे ठाण्याला आली. मी ऑफिसला जाते तेव्हा सान्वीला तीच सांभाळते. तुटलेली पोळी तूप लावून चिकटवायची युक्ती तिचीच.

सासूबाईंनी कल्याणहून मामा शोधून काढला. मितेश, माझा लांबचा चुलतभाऊ. त्याने सान्वीला बारशाला पाहिलं होतं, तेही बहुतेक जेवणाच्या रांगेतून.

"तुझी भन येऊ दे," सासूबाई फोनवर म्हणाल्या. "पन कार्याचे टायमाला म्होरं नको. नांदत नाय ना ती."

मी म्हटलं, "हो आई."

रविवारी सकाळी गाडीत मी प्रियांकाला म्हटलं, "कार्यक्रम सुरू असताना तू जरा आत थांबशील ना?" सान्वी तिच्याच मांडीवर होती, एका पायात सँडल आणि दुसऱ्यात गमबूट घालून. प्रियांका गमबूट सरळ करत राहिली. "थांबते ताई," एवढंच म्हणाली. मला लाज वाटली. तरी मी फोन काढून मेल बघत बसले.

अंगणात पाट मांडला होता. ताटात नारळ आणि मामाच्या मानाचा टॉवेल-टोपी. काळुराम न्हावी वस्तरा घेऊन तयार. चाळीस पाहुणे खुर्च्यांवर, आणि मागे मटणाचा रस्सा उकळत होता. जावळ निघाल्याशिवाय पान वाढायचं नाही, त्यामुळे सगळ्यांचं लक्ष सान्वीच्या डोक्याकडे होतं.

मितेशने तिला चॉकलेट देऊन मांडीवर घेतलं. चॉकलेट संपेपर्यंत ती बसली. तेवढ्यात काळुरामने कपाळापासून मागपर्यंत एक पट्टा काढला. चॉकलेट संपलं, तिने वर पाहिलं, वस्तरा पाहिला, मितेशच्या मनगटाला कडकडून चावली आणि पळाली.

पुढची वीस मिनिटं अख्खं गाव तिच्यामागे होतं. कोणी मोबाईल दाखवला, कोणी फुगा. एका काकांनी पोलीस येतील म्हणून सांगितलं, तर ती फाटकापाशी जाऊन पोलिसांची वाट बघत उभी राहिली. सगळ्यांना तिचं एकच उत्तर होतं: "नाय!"

काळुराम माझ्याकडे आला. "वैनी, अर्ध्यावर सोडाचा नाय हां. अशी पोर लोकांनी बघितली तर मना कोन बोलवंल?"

शेवटी ती सापडली ती स्वयंपाकघरात. प्रियांका भाकऱ्या थापत होती, कोपरापर्यंत तांदळाचं पीठ. सान्वी तिच्या मांडीत शिरून बसली होती, डोक्यावर मधोमध रस्ता, दोन्ही बाजूंना रान.

"मावशीकले," सान्वी म्हणाली. "इथेच."

मागून सासूबाई आल्या, त्यांच्यामागे चार बायका. "धरा तिचे हातपाय न उरका एकदाचं," त्या म्हणाल्या. बायकांनी पदर खोचले. प्रियांका सान्वीला सोडून उठायला लागली, का, तर तिला मी आत थांबायला सांगितलं होतं, मध्ये पडायला नाही. सान्वीने तिचा गळा आवळला.

"कोणी हात लावायचा नाही तिला," मी म्हटलं. आवाज इतका मोठा होता की मीच दचकले. "प्रियांका, ऊठ. तिला घेऊन बाहेर चल. जावळ तुझ्या मांडीवर निघेल. अंगणात, पाटावर, सगळ्यांसमोर."

"आमचे घरान मामाचेच मांडीवर जावळ निंगतं," सासूबाई म्हणाल्या. "आनि ही तर..."

"ही तर काय, आई? सान्वीला ताप असतो तेव्हा ही तिला घेऊन बसते. नवऱ्याचा मार खात राहिली असती, तर पुढे चालली असती का? नको असेल तर राहू दे. मी सान्वीला अशीच ठाण्याला नेते. उद्या लिफ्टमध्ये लोक विचारतील, त्यांना सांगेन की कुणाच्या मांडीवर बसायचं ते आमच्याकडे ठरलं नाही."

सगळ्यांनी मितेशकडे पाहिलं. तो मनगट चोळत होता. "मला काय प्रॉब्लेम नाय," तो म्हणाला, "मावशीच बसू दे."

"आई, रस्सा आटतोय," सूरज म्हणाला. त्याच्या मानाने हे बंडच होतं.

प्रियांका पाटावर बसली, हाताचं पीठ तसंच. काळुरामने वस्तरा उचलला, तर सान्वीने हात वर केला. "आधी मावशीचे."

प्रियांकाने वेणी पुढे घेतली, टोक काळुरामसमोर धरलं. "काप रे दादा, बोटभर." मागून एक बाई "आगो बाय" म्हणाली. काळुरामने कापलं. सान्वीने ती बट हातात घेऊन नीट तपासली आणि मान खाली घातली. मग पूर्ण डोकं होईपर्यंत ती हलली नाही.

काम झाल्यावर सासूबाईंनी मानाचं ताट उचललं आणि सवयीने मितेशकडे वळल्या. मी ते त्यांच्या हातातून घेतलं आणि प्रियांकाच्या मांडीवर ठेवलं. त्या आत गेल्या आणि आमच्या पंगतीला बसल्या नाहीत. न बसू देत.

सान्वीने मानाची टोपी स्वतःच्या टकलावर घातली. ती नाकापर्यंत आली. सगळे हसले. प्रियांका हसली नाही. टॉवेलने हाताचं पीठ पुसत ती माझ्याकडे बघत होती.

"ताई, सकाळी गाडीत का नाही बोललीस?"

"मला लहानपणीच वळण लावलेलं ना गं," मी म्हटलं.