तीर्थाशिवाय दोन हजार मीटर

रविवारी सकाळी आमच्या प्रयोगशाळेत पाय ठेवायला जागा नव्हती. मोठ्या तलावात नाव वल्हवणाऱ्या पोरींचा दम आम्ही इथे मोजतो. वल्ह्याच्या मशीनवर दोन हजार मीटर ओढायचं, तोंडावर मास्क, शेवटी बोटातून रक्ताचा थेंब. मास्क धुणं आणि वजनं लिहिणं माझ्याकडे. त्या दिवशी मात्र आईबाप, मोबाइल, अगरबत्ती, आणि मधोमध शाहपुऱ्याचे जलसिद्ध महाराज.

"मशीन झूठ नहीं बोलती, माताजी!" महाराज पडद्याकडे बोट दाखवत गरजले. "शुक्रवारच्या चाचणीला देह अशुद्ध होता. आज पोटात तीर्थ आहे. बघा, बारा सेकंद कापले!"

खरंच, अकरा पोरी, अकराही जणी दहा-बारा सेकंदांनी वेगवान. टाळ्याच टाळ्या. एका बापाने मशीनलाच कुंकू लावलं. ते मी पुसलं.

बारावी सोनाली दाराबाहेर चपलांपाशी बसली होती. मंडीदीपहून दोन बस बदलून येणारी पोर. तिची पाळी आली होती, म्हणून तीर्थ नाही. तीर्थ नाही, म्हणून दुसरी चाचणी नाही. तिचा शुक्रवारचाच आकडा धरणार होते, आठ मिनिटं तीन सेकंद. राष्ट्रीय स्पर्धेच्या नावेत जागा चारच.

"सर, तिला ओढू तरी द्या," मी कोच विक्रांत सरांना म्हटलं.

"सुधामावशी, तुम्ही मास्क धुवा. महाराज म्हणतात, तिच्यामुळे सगळ्यांचा प्रभाव उतरेल."

"मशीनला पाळी कळते का हो?"

"वाद नको."

मी बाहेर आले. सोनाली नखं कुरतडत म्हणाली, "मावशी, माझ्यातच खोट असेल."

"काहीतरीच! शुक्रवारी काय खाऊन आली होतीस?"

"काहीच नाही. गुरुवारी महाराजांनी सांगितलेला शुद्धीचा निर्जळी उपास होता ना, सगळ्यांचाच. पाणीसुद्धा नाही."

मी वजनांची वही उघडली. सोनाली बुधवारी साडेचौसष्ट किलो, शुक्रवारी साडेबासष्ट. बाराही जणींचं वजन असंच उतरलेलं. दोन दिवसांत कुणाची हाडं झिजत नाहीत. गेलं ते पाणी. मग मागची पानं उलटली. जानेवारीत, महाराजांचं नावही कुणी ऐकलं नव्हतं तेव्हा, याच पोरींनी या रविवारी निघाले तेवढेच आकडे काढले होते.

सोमवारी डॉक्टर कांचन मॅडम रजेवरून परतल्या. मी वही पुढे केली. त्यांनी ती दोनदा वाचली आणि सोनालीला मशीनवर बसवलं. पोटात पोहे, वर दोन ग्लास साधं पाणी. पाळीचा तिसरा दिवस. सात मिनिटं अठ्ठेचाळीस सेकंद! बाराजणींत दुसरी.

मॅडमनी महाराजांसकट सगळ्यांना बोलावलं. "आधी पोरींना उपाशी-तहानलेलं ठेवलं, तेव्हा मशीनवर बसवलं. तो कमी आकडा 'अशुद्ध देहाचा' ठरला. मग प्रसादाचा शिरा, तीर्थाचं पाणी, एक दिवस आराम. शरीर मूळपदावर आलं, त्याला चमत्कार म्हटलं. एवढीच युक्ती."

"हिला आमची कृपा दुरूनच पोचली!" महाराज म्हणाले.

"दुरून पोचते, तर बाहेर का बसवलंत?" मी विचारलं.

महाराजांनी कमंडलू उचलला आणि गेले. सर जमिनीकडे बघत पुटपुटले, "निवडीची यादी कालच पाठवली. आता बदलत नाही."

सोनालीने बुटांच्या नाड्या बांधल्या, ती बस पकडायला निघाली. नाव तिच्याशिवाय गेली.

बाबांनो, चमत्कार दाखवणारा 'नंतर'चा आकडा मिरवतो. तुम्ही 'आधी'चा कसा काढला ते विचारा. तहानलेल्याला पाणी पाजलं की तो उठतोच. श्रेय पाण्याला द्या. आणि वेळेवर विचारा. शुक्रवारी बारा पोरी सुकलेल्या ओठांनी काट्यावर चढल्या, तेव्हा ती वजनं माझ्याच हाताने लिहिली मी, आणि पान उलटलं.